'स्मोक ऑन द वॉटर': सगळ्यात सोपी रिफ आणि एक जळालेला कॅसिनो

हेडफोन लावलेत का? नसतील तर लावा, कारण आजचा एपिसोड नीट ऐकण्याबद्दलच आहे. आणि जे नेहमीप्रमाणे एपिसोड ऐकण्याऐवजी इथे वाचताय, त्यांनी दुसऱ्या टॅबमध्ये गाणं लावून ठेवा. मध्ये मध्ये लागेल.

[गिटारवर रिफ, एकदा]

ओळखलंत? गाण्याचं नाव माहीत नसलं तरी हे तुम्ही कुठेतरी ऐकलेलं आहे. कॉलेजच्या गॅदरिंगला साउंड चेक चालू असताना, हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये, नाहीतर गिटारच्या दुकानात. डीप पर्पल या इंग्लिश बँडचं 'स्मोक ऑन द वॉटर'. गिटार हातात घेतलेला जवळजवळ प्रत्येक माणूस पहिल्या आठवड्यात हेच वाजवतो. इतकं, की दुकानदार ते ऐकून वैतागतात हा जगभरातला जुना विनोद आहे.

मीही हेच वाजवलं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, रूममेटच्या गिटारवर, एका तारेवर, दहा मिनिटांत. शून्य, तीन, पाच. शून्य, तीन, सहा, पाच. झालं! मला वाटलं, आपल्याला गिटार येते. पुढची आठ-नऊ वर्षं मी हाच समज घेऊन फिरलो.

मग मागच्या दिवाळीत पुतणी म्हणाली, "काका, मला क्लासमध्ये सरांनी ही रिफ दिलीये. तू ओरिजिनल गाण्यासोबत वाजवून दाखव ना." लावलं गाणं, सुरू केलं. पहिले तीन सूर बरोबर आले. चौथ्याला मी एकीकडे आणि बँड दुसरीकडे. परत सुरू केलं, परत तेच. पोरगी हसली नाही, ते जास्त लागलं. फक्त म्हणाली, "काका, तू उशिरा येतोयस."

त्या एका वाक्यामुळे मी या गाण्याच्या मागे लागलो. आधी रिफच्या आणि मग ती जिथून आली त्या गावाच्या. आजचा एपिसोड त्या दोन्हींचा आहे.

डिसेंबर १९७१

तारीख ४ डिसेंबर १९७१. आपल्याकडे आदल्याच दिवशी भारत-पाकिस्तान युद्ध सुरू झालं होतं. तुमच्या आजी-आजोबांना ब्लॅकआउटचे दिवस विचारा, ते हेच दिवस सांगतील. आपण मात्र तिथून खूप दूर जातोय, स्वित्झर्लंडमध्ये. जिनिव्हा सरोवराच्या पूर्वेकडच्या टोकाजवळ मोंत्रू नावाचं छोटं, देखणं शहर आहे. समोर सरोवर, मागे आल्प्सचे डोंगर, काठावर जुनी मोठी हॉटेलं. आणि एक कॅसिनो.

कॅसिनो म्हटलं की आपल्याला फक्त जुगार आठवतो. मोंत्रूच्या कॅसिनोत मोठा हॉलही होता आणि तिथे मैफली व्हायच्या. १९६७ मध्ये क्लोद नोब्स आणि त्याच्या साथीदारांनी मोंत्रू जॅझ फेस्टिव्हल सुरू केला, तो याच कॅसिनोत. नोब्सबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा: पुढे प्रत्येक वळणावर हा माणूस धावत येतो.

डीप पर्पल तिथे आले होते नवा अल्बम रेकॉर्ड करायला. पाच जण. गायक इयन गिलन, गिटारवर रिची ब्लॅकमोर, बेसवर रॉजर ग्लोव्हर, ऑर्गनवर जॉन लॉर्ड आणि ड्रम्सवर इयन पेस. त्यांना स्टुडिओतला बंद, कोरडा आवाज नको होता. स्टेजवर जसं वाजतं तसं रेकॉर्डमध्ये ऐकू यायला हवं होतं. म्हणून त्यांनी रोलिंग स्टोन्स या बँडचा फिरता स्टुडिओ भाड्याने घेतला. फिरता स्टुडिओ म्हणजे खरोखरचा ट्रक, ज्याच्या आत रेकॉर्डिंगची सगळी यंत्रं बसवलेली. ट्रक दाराशी उभा करायचा, केबल आत ओढायच्या आणि कुठलाही हॉल स्टुडिओ करून टाकायचा. सोबत साउंड इंजिनिअर मार्टिन बर्च.

प्लॅन एकदम सोपा होता. कॅसिनो हिवाळ्यासाठी बंद होणार. त्याआधीचा शेवटचा कार्यक्रम फ्रँक झॅपा आणि त्याच्या 'द मदर्स ऑफ इन्व्हेन्शन' या बँडचा. तो झाला की रिकामा हॉल पर्पलच्या ताब्यात. एक दिवस थांबायचं आणि कामाला लागायचं.

तुमच्यापैकी जे आयटीत आहेत त्यांनी अंदाज बांधलाच असेल, की ज्या प्लॅनमध्ये 'फक्त एक दिवस थांबायचं' असतं, त्याचं पुढे काय होतं.

छताला लागलेली आग

झॅपाचा कार्यक्रम दुपारचा होता. पर्पलची मंडळीही प्रेक्षकांत होती. सिंथेसायझरचा सोलो चालू असताना प्रेक्षकांतल्या कोणीतरी फ्लेअर गन उडवली. फ्लेअर गन म्हणजे समुद्रात जहाज अडचणीत सापडलं की आकाशात पेटता इशारा सोडायचं पिस्तूल. इथे ते बंद हॉलमध्ये उडवलं गेलं, थेट छताकडे. छताला वेताचं काम होतं. वेत कसा पेटतो ते सांगायला नको.

सुरुवातीला फार काही वाटलंच नाही. झॅपाने वाजवणं थांबवून माइकवरून लोकांना शांतपणे बाहेर पडायला सांगितलं. ती शांतता फार महत्त्वाची ठरली. काही जण काचेची मोठी खिडकी फोडून बाहेर पडले. क्लोद नोब्स धुरात पुन्हा पुन्हा आत गेला आणि आत अडकलेल्या पोरांना बाहेर काढत राहिला. कॅसिनो पूर्ण जळून गेला. झॅपाच्या बँडचं सगळं सामान गेलं.

पण माणूस एकही दगावला नाही.

इथे जरा थांबूया. रॉकच्या गप्पांत हे वाक्य आपण पटकन ओलांडून पुढे जातो. २००३ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये 'द स्टेशन' नावाच्या क्लबमध्ये बँड वाजवत असताना स्टेजवरच्या आतषबाजीने भिंतीवरचा फोम पेटला आणि १०० माणसं गेली. २०१७ च्या डिसेंबरमध्ये आपल्या मुंबईत, कमला मिल्सच्या आवारातल्या रेस्टॉरंटच्या आगीत १४ जण गेले. मोंत्रूचं छत आणि मोंत्रूची गर्दी या गोष्टींपेक्षा फार वेगळी नव्हती. त्या दुपारी घडलं काय, तर एका माणसाने माइकवर आवाज चढवला नाही आणि दुसरा धुरात परत गेला.

मला हे वाचताना आमच्या कॉलेजचं एक गॅदरिंग आठवलं. हॉल खचाखच भरलेला, आम्ही स्टेजवर पाच मिनिटांचा 'शो' करणार होतो, विंगेत फवाऱ्यासारखे उडणारे फटाके तयार. मागचं दार कुलूप लावून बंद होतं, कारण बाहेरची पोरं फुकट घुसायची. काहीच झालं नाही. सगळे घरी गेले, फोटो टाकले. इतकी वर्षं ती संध्याकाळ माझ्या डोक्यात 'मजा आली' या फोल्डरमध्ये होती. आता ती तिथे नाही.

सरोवरावरचा धूर

आता पुन्हा ४ डिसेंबर. पर्पलवाले हॉटेलात परतले आणि खिडकीतून बघत बसले. डोंगरावरून वारा खाली येत होता आणि जळत्या कॅसिनोचा धूर सरोवराच्या पाण्यावर पसरत चालला होता. त्यांचा स्टुडिओ होणार होता ती जागा त्यांच्या डोळ्यांसमोर धूर होऊन चालली होती.

एक-दोन दिवसांनी रॉजर ग्लोव्हर सकाळी झोपेतून जागा झाला तो चार शब्द पुटपुटतच. तेच गाण्याचं नाव. गंमत म्हणजे गिलनला ते नाव आधी खास वाटलं नाही, उलट ड्रग्जवरच्या गाण्यासारखं वाटलं. त्या काळात 'स्मोक' म्हटलं की लोकांचं डोकं तिकडेच जायचं.

जागा शोधायला मदत कोणी केली? अर्थात क्लोद नोब्सने. आपला कॅसिनो, आपला फेस्टिव्हल डोळ्यांदेखत जळून गेलेला, आणि हा माणूस पाहुण्या बँडसाठी हॉल शोधत फिरतोय. त्याने त्यांना पॅव्हिलियन नावाचं एक थिएटर मिळवून दिलं. ट्रक दाराशी लागला, केबल आत गेल्या आणि ब्लॅकमोरने एक रिफ काढली. गाणं नव्हतं, शब्द नव्हते, नावही नव्हतं. नुसता वाद्यांचा ट्रॅक.

पण थिएटर गावाच्या मध्यात, वेळ रात्रीची आणि हे वाजवत होते पूर्ण आवाजात. शेजाऱ्यांनी तक्रार केली, पोलीस आले. आत टेक चालू होता, म्हणून बँडच्या माणसांनी दारं आतून धरून ठेवली. टेक संपला, दारं उघडली आणि बँडची तिथून हकालपट्टी झाली. पॅव्हिलियनमधून त्यांनी एवढीच गोष्ट सोबत नेली, तो एक ट्रॅक. आज अख्खं जग जी रिफ वाजवतं, ती हीच.

मग पुन्हा शोधाशोध. शेवटी मिळालं ग्रँड हॉटेल, हिवाळ्यासाठी बंद पडलेलं, रिकामं, थंडगार. यांनी हॉटेलच्या कॉरिडॉरमध्येच स्टुडिओ मांडला. आवाज घुमू नये म्हणून गाद्या उभ्या केल्या. ट्रक बाहेर, वाद्यं आत. रेकॉर्ड झालेलं ऐकायचं तर खोल्यांमधून, बाल्कनीवरून, वळसे घेत ट्रकपर्यंत जायला लागायचं. थोड्याच दिवसांत त्यांनी जाणंच सोडलं. वाजवायचं, एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं आणि ठीक वाटलं तर पुढचं गाणं. डिसेंबर संपायच्या आत अल्बम तयार. नाव 'मशीन हेड'. गाणी सातच.

त्यातलं हे एक गाणं तर जवळपास राहूनच गेलं होतं. अल्बम काही मिनिटांनी कमी पडत होता. तेव्हा कोणाला तरी पॅव्हिलियनमधला तो ट्रॅक आठवला. म्हणजे भरती करायला घेतलेलं गाणं! शब्द हवे होते, तर विषय समोरच होता. गिलन आणि ग्लोव्हरने जे घडलं ते तसंच लिहून काढलं.

हे गाणं म्हणजे पोस्टमॉर्टेम आहे

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे सिस्टिम बंद पडली की दुसऱ्या दिवशी एक कागद लिहावा लागतो. आम्ही त्याला पोस्टमॉर्टेम म्हणतो. काय झालं, कधी झालं, कशामुळे झालं, कोणी काय केलं, नंतर काम कसं चालू ठेवलं. चांगल्या पोस्टमॉर्टेमचे नियम दोन. पाल्हाळ नको आणि कोणाला फाशी देणं नको.

'स्मोक ऑन द वॉटर'चे शब्द या नजरेने ऐका. मी इथे ओळी म्हणून दाखवत नाही, तुम्ही ऐका. आम्ही मोंत्रूला आलो, का आलो, कशाने रेकॉर्ड करणार होतो, तिथे कोणाचा कार्यक्रम होता, आग कशाने लागली, पोरांना बाहेर कोणी काढलं, मग आम्हाला दुसरी जागा कुठे मिळाली, तिथे काय हाल होते आणि तरी काम कसं पार पडलं. सगळं क्रमाने. उपमा नाहीत, प्रेम नाही, बंडखोरीही नाही. ज्याने फ्लेअर गन उडवली त्याला एक शेलका शब्द आहे, पण त्याच्यावर कडवं खर्च केलेलं नाही. क्लोदचं नाव मात्र आहे, लाडाने घेतलेलं.

रॉकमध्ये आगीवर गाणं लिहायला बसलो तर आपण काय लिहू? नरक, ज्वाला, जगाचा अंत. यांनी जागेचं नाव, ट्रकचं नाव आणि हॉटेलचं नाव लिहिलं. मला वाटतं म्हणूनच पन्नासहून जास्त वर्षं झाली तरी ते शिळं होत नाही. घडलेली गोष्ट नीट सांगितली की तिला वेगळा मसाला लागत नाही.

बँडला मात्र हे गाणं चालेल असं वाटलं नव्हतं. मार्च १९७२ मध्ये अल्बम आला, इंग्लंडमध्ये पहिल्या नंबरवर गेला, पण सिंगल म्हणून त्यांनी पुढे काढलं 'नेव्हर बिफोर' हे दुसरं गाणं. ते आज किती जणांना आठवतं? नोब्सने ऐकताक्षणी सांगितलं होतं, की हे मोठं होणार. ऑगस्ट १९७२ मध्ये ते जपानमध्ये लाइव्ह वाजवलं, ते 'मेड इन जपान' या अल्बमवर आलं. रेडिओवर गाणं वाजायला लागलं आणि मग १९७३ मध्ये अमेरिकेत सिंगल काढली. ती बिलबोर्डच्या यादीत चौथ्या नंबरवर पोचली. रेकॉर्डिंगनंतर तब्बल दीड वर्षाने.

आता गिटार घ्या

चला, आता माझ्या चुकांकडे येऊ. चुका तीन होत्या, आणि मला खात्री आहे की तुमच्यातले अर्धे जण त्याच करतायत.

पहिली चूक: मी एका तारेवर वाजवत होतो. मूळ रिफ एकेका सुराची नाही, जोड्यांची आहे. प्रत्येक वेळी दोन सूर एकत्र वाजतात.

हार्मोनिअम शिकलेल्यांसाठी सांगतो. सा धरा पांढरी पाचवर, म्हणजे पाश्चात्त्य भाषेत जी. वरच्या बाजूचे सूर असे: सा, कोमल ग, म. सा, कोमल ग, तीव्र म, शुद्ध म. सा, कोमल ग, म, कोमल ग, सा. झालं, एवढंच. सूर चारच. तीव्र आणि शुद्ध मध्यम एकापाठोपाठ आले की कान टवकारतात, हे आपल्याकडे ललित ऐकणाऱ्यांना सांगायला नको. राग तो नव्हे, बाकीचे सूर वेगळे आहेत, पण दोन मध्यमांची ती ओढ तुमच्या ओळखीची आहे.

आता प्रत्येक सुराच्या खाली दुसरा सूर. सा च्या खाली मंद्र पंचम. कोमल ग च्या खाली मंद्र कोमल निषाद. शुद्ध म च्या खाली सा. तीव्र म च्या खाली कोमल रे. सगळीकडे अंतर तेच, षड्ज-मध्यमाचं. आणि पहिली जोडी बघा, मंद्र पंचम आणि सा. तानपुऱ्याची पंचमाची तार आणि जोडाची तार, तीच जोडी! म्हणजे जगातली सगळ्यात प्रसिद्ध रॉक रिफ जिथे सुरू होते, तो स्वरसंवाद तुमच्या आजीने मैफलीच्या पहिल्या मिनिटात हजारदा ऐकलेला आहे.

गिटारवर तर ही जोडी फुकट मिळते. चौथी आणि तिसरी तार मोकळी छेडा, झाली पहिली जोडी. मग त्याच दोन तारा एका बोटाने तिसऱ्या फ्रेटवर दाबा, मग पाचव्या. दुसऱ्या ओळीत सहावा फ्रेट आणि परत पाचवा. मोकळ्या तारा मागे गुणगुणत राहिल्या आणि आवाज गढूळ झाला तर पहिली जोडी पाचव्या आणि चौथ्या तारेवर पाचव्या फ्रेटला घ्या. सूर तेच, पण दाबलेली तार हवी तेव्हा बंद करता येते.

[गिटारवर जोड्या, सावकाश]

क्लासमध्ये बरेचदा हे पॉवर कॉर्डने शिकवतात, म्हणजे खाली सा आणि वर पंचम. ऐकायला जवळचं वाटतं, पण ब्लॅकमोरने जोडी उलटी ठेवलीये, पंचम खाली आणि सा वर. फरक का पडतो? इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो, सहन करा. खालचा सूर साधारण १४७ हर्ट्झ, वरचा १९६. प्रमाण तीनास चार. अँप्लिफायर फाटेपर्यंत वाढवला की दोन सुरांच्या फरकाचाही एक सूर तयार होतो. १९६ वजा १४७ म्हणजे ४९ हर्ट्झ. हा कुठला सूर? तोच सा, दोन सप्तकं खाली! तुम्ही वाजवला नाहीत असा सूर अँपमधून येतो आणि छातीत जाणवतो. दोन बारीकशा तारांवर वाजवून ही रिफ एवढी जाड का वाटते, त्याचं एक कारण हे.

दुसरं कारण जॉन लॉर्ड. रेकॉर्डवर गिटार पहिल्यांदा एकटी येते, पण मग हॅमंड ऑर्गन तीच रिफ धरतो, तोही गिटारच्या अँपमधून फाडलेला. आपल्याला वाटतं गिटार मोठी झाली. खरं म्हणजे शेजारी दुसरा माणूस येऊन उभा राहिलेला असतो. तुम्ही घरी एकटे वाजवून 'माझा आवाज तसा येत नाही' म्हणून नवा पेडल मागवणार असाल, तर आधी हे लक्षात घ्या. पैसे वाचतील.

दुसरी चूक: मी पिकने वाजवत होतो. पिक एका तारेवरून दुसरीवर घसरतो, त्यामुळे दोन सूर किंचित पुढेमागे येतात. ब्लॅकमोर ही रिफ बोटांनी वाजवतो. दोन्ही तारा चिमटीत पकडून एकदम सोडायच्या. 'ट्रँग' नाही, 'टक'. आज करून बघा, पहिल्याच वेळी फरक कळेल.

तिसरी चूक, पुतणीने पकडलेली: वेळ. ही खरी मेख आहे. चार-चार मात्रांची चार आवर्तनं धरा. पहिली ओळ सरळ आहे. एकवर, दोनवर, तीनवर. टाळी देत म्हणा, बसेल. दुसरी ओळ मात्र नव्या आवर्तनाच्या एकवर सुरू होत नाही! ती आधीच्या आवर्तनात, चौथ्या मात्रेनंतरच्या अर्ध्यावर सुरू होते. पुढचे दोन आघातही मात्रांच्या मधल्या फटीत पडतात. आणि मग शेवटचा शुद्ध मध्यम थेट तीनवर येऊन बसतो. तिसरी ओळ पुन्हा सरळ सुरू होते आणि तिच्या शेपटीचे दोन आघात पुन्हा फटीत.

मी सगळंच मात्रेवर ठोकत होतो. म्हणून 'उशिरा'. एकटं वाजवताना ही चूक कळतच नाही, कारण फूटपट्टीच नसते. मूळ रेकॉर्डवर पेसची हाय-हॅट आत आली की सगळं स्पष्ट होतं, आणि मग बेस आला की रिफ जमिनीवर टेकते. तीन, चार आणि पाच, असे एकूण बारा आघात. बारापैकी पाच मात्रेच्या बाहेर. रिफमधला सगळा झोल त्या पाचात आहे.

सरावाची पद्धत सांगतो. मेट्रोनोम ॲप ७० ला ठेवा. गिटार बाजूला. पायाने मात्रा, तोंडाने रिफ. मला फक्त एवढ्यालाच चार दिवस लागले. मग गिटार घेऊन ७०, मग ८०, ९०. मूळ गाणं ११० च्या थोडं वर चालतं. आणि दर वेळी फोनवर रेकॉर्ड करा. आपलंच रेकॉर्डिंग ऐकणं फार वाईट अनुभव आहे, पण मास्तर चांगला आहे.

सोपं म्हणजे काय

ब्लॅकमोरने मुलाखतीत गमतीने सांगितलंय, की ही रिफ म्हणजे बीथोव्हेनची पाचवी सिंफनी उलटी करून घेतलीये. खरं-खोटं तोच जाणे. पण त्या सिंफनीची सुरुवात घ्या. चारच आघात, दोनच सूर, कोणालाही पियानोवर एका बोटाने वाजवता येतील. ती सोपी आहे म्हणून कोणी तिला लहान म्हणत नाही.

सोपी रिफ लोकांना एकत्र बसवते हेही खरं. १९८८ च्या डिसेंबरमध्ये आर्मेनियात मोठा भूकंप झाला. मदतीसाठी १९८९ मध्ये इंग्लंडमध्ये रॉकवाले जमले, वेगवेगळ्या बँडचे. क्वीनचा ब्रायन मे, पिंक फ्लॉइडचा डेव्हिड गिलमोर, ब्लॅक सॅबथचा टोनी आयोमी आणि खुद्द गिलन आणि ब्लॅकमोर. सगळ्यांनी मिळून कुठलं गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं? हेच. एका आपत्तीची हकीकत दुसऱ्या आपत्तीच्या कामी आली. २००७ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत सतराशेहून जास्त गिटारवाले एकत्र जमून हीच रिफ वाजवत होते. त्यातले किती जण दुसरी ओळ लवकर सुरू करत असतील, देव जाणे.

मोंत्रूचा कॅसिनो १९७५ मध्ये पुन्हा उभा राहिला. फेस्टिव्हल बंद पडला नाही, आजही चालू आहे. क्लोद नोब्स २०१३ मध्ये गेला. 'मशीन हेड' हा अल्बम बँडने त्यालाच अर्पण केलाय. सरोवराच्या काठावर या गाण्याचं स्मारक आहे आणि त्यावर ती रिफ सुरांच्या लिपीत लिहिलेली आहे. आग लागली त्या गावाने आगीच्या गाण्याचं स्मारक केलं. कोणी गेलं असतं तर ते शक्य झालं नसतं. हे गाणं आपण हसत वाजवू शकतो, दुकानात, कॉरिडॉरमध्ये, दिवाळीत पुतणीसमोर, ते केवळ त्यामुळे.

तर या आठवड्याचा गृहपाठ. गिटार असेल तर दोन तारा, चिमटी आणि अर्धी मात्रा आधी. गिटार नसेल तर दुसरा. पुढच्या वेळी कुठल्याही हॉलमध्ये, क्लबमध्ये, गॅदरिंगला जाल तेव्हा बसायच्या आधी बाहेर पडायचं दुसरं दार शोधा आणि ते उघडं आहे का ते बघा. कुलूप असेल तर आयोजकांना सांगा. पकाऊ वाटेल, वाटू दे. मी सांगायला लागलोय.

आणि हो, पुतणीला मी परवा रेकॉर्डिंग पाठवलं. मूळ गाण्यासोबत वाजवलेलं, चारही आवर्तनं. तिचं उत्तर आलं: "आता बरोबर. पण काका, सोलो?"

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर ऐकत राहा.

[रिफ, पूर्ण वेगात, दोनदा]